तीन शहरांतला शोपँ

फ्रेडरिक शोपँच्या जन्मतारखेचेच दोन पाठ आहेत. पोलंडमधील ब्रोखुव्ह येथील चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत २२ फेब्रुवारी १८१० ही तारीख आढळते. तो स्वतः आणि त्याचे कुटुंबीय मात्र १ मार्च हाच त्याचा वाढदिवस मानत. चरित्रकार आजही दोन्ही तारखा नमूद करतात आणि पुढे जातात. त्याच्या संगीताच्या अभ्यासकांना मात्र असे सहज पुढे जाता येत नाही. शोपँच्या बहुतेक प्रमुख रचना त्याच्या हयातीत पॅरिस, लाइपझिग आणि लंडन या तीन शहरांत जवळपास एकाच वेळी छापल्या गेल्या आणि या तीन आवृत्त्या एकमेकींशी पूर्णपणे जुळत नाहीत. कुठे एखादा स्वर कोमल आहे तर कुठे शुद्ध. कुठे लयीची सूचना वेगळी, तर कुठे पुनरावृत्तीची खूणच भलत्या जागी. तिन्ही आवृत्त्या संगीतकाराच्या संमतीने निघालेल्या. मग यांतला शोपँ कोणता, या प्रश्नाने गेली दीडशेहून अधिक वर्षे संपादकांना आणि वादकांना छळले आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर त्याच्या अवघ्या ३९ वर्षांच्या आयुष्याकडे वळावे लागते.

वॉर्सापासून काही अंतरावरील झेलाझोवा व्होला या खेड्यात शोपँचा जन्म झाला. वडील निकोला हे मूळचे फ्रान्सच्या लोरेन प्रांतातले. तरुणपणी पोलंडमध्ये येऊन तिथेच स्थायिक झालेले शिक्षक. आई युस्तिना पोलिश. मुलगा काही महिन्यांचा असतानाच कुटुंब वॉर्साला आले. वोयचेख झिव्नी या वृद्ध शिक्षकाकडे त्याचे पियानोचे धडे सुरू झाले आणि वयाच्या आठव्या वर्षी, १८१७ मध्ये, त्याची पहिली रचना, एक पोलोनेझ, छापून आली. पुढे वॉर्साच्या संगीतशाळेत युझेफ एल्स्नर यांच्या हाताखाली त्याने रचनाशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले. विद्यार्थ्याच्या प्रतिभेला नियमांच्या चौकटीत फार आवळू नये, एवढे शहाणपण एल्स्नर यांच्यापाशी होते. मोझार्टच्या एका धूनवर रचलेली त्याची आवर्तने व्हिएन्नाच्या हासलिंगर या प्रकाशकाने १८३० मध्ये छापली आणि पुढच्याच वर्षी रॉबर्ट शुमानने जर्मन संगीतपत्रात त्यांचे मुक्तकंठाने स्वागत केले.

२ नोव्हेंबर १८३० रोजी शोपँने वॉर्सा सोडले. अजून चार आठवडेही उलटले नव्हते, तोच रशियन सत्तेविरुद्ध तिथे उठाव झाला. त्या वेळी तो व्हिएन्नात होता. पुढच्या वर्षी उठाव चिरडला गेल्याची बातमी त्याने प्रवासात ऐकली आणि १८३१ च्या शरद ऋतूत तो पॅरिसला पोहोचला. आई-वडिलांची एक भेट १८३५ मध्ये कार्ल्सबादला झाली, पण मायदेशी त्याला पुन्हा कधीच पाऊल ठेवता आले नाही. घर, भाषा आणि गाव एकाच वेळी दुरावलेल्या या तरुणाने पॅरिसमध्ये आपले बस्तान बसवले ते मुख्यतः शिकवण्यांच्या बळावर. एका धड्याचे २० फ्रँक हा त्या काळी भारी मानला जाणारा दर उमराव घराण्यांतील मुली आनंदाने देत. मोठ्या सभागृहातील गर्दीपुढे वाजवणे त्याला मानवत नसे. आयुष्यभरात त्याने दिलेल्या जाहीर कार्यक्रमांची संख्या सुमारे ३० भरते. त्यामुळे उत्पन्नाचा दुसरा आधार म्हणून रचनांची विक्री त्याच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची होती. तीन शहरांच्या कथेला इथूनच सुरुवात होते.

आज एखादे पुस्तक मुंबईत छापले तर त्याचा स्वामित्वहक्क बहुतेक जगभर मान्य होतो. शोपँच्या काळी असा कोणताही आंतरराष्ट्रीय करार नव्हता. बर्न येथील करार झाला तो १८८६ मध्ये. एखादी रचना केवळ पॅरिसमध्ये छापली, तर जर्मनीतला वा इंग्लंडमधला कोणीही मुद्रक ती उचलून स्वतःच्या नावाने विकू शकत असे आणि संगीतकाराला एक छदामही मिळत नसे. यावर उपाय एकच होता. तिन्ही देशांतील स्वतंत्र प्रकाशकांना हक्क विकायचे आणि रचना तिन्हीकडे शक्य तो एकाच सुमारास बाजारात आणायची. पॅरिसमध्ये बहुतांशी मॉरिस श्लेसिंगर, लाइपझिगमध्ये आधी किस्टनर आणि पुढे मुख्यतः ब्राइटकोफ आणि हेर्टेल, तर लंडनमध्ये वेसेल, असे हे त्रिकूट जमले. शोपँला तीन ठिकाणांहून मोबदला मिळू लागला आणि त्याच्या प्रत्येक रचनेचे तीन वेगवेगळे प्रवास सुरू झाले.

हे प्रवास समजून घेण्यासाठी त्या काळची मुद्रणपद्धती ध्यानात घेतली पाहिजे. संगीताची पाने अक्षरांच्या खिळ्यांनी जुळवली जात नसत. कथिल आणि शिसे यांच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर कारागीर स्वरांची चिन्हे ठशांनी ठोकत असे आणि दांड्या, कमानी, रेषा हाताने कोरत असे; हे सारे आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे. चूक झालीच तर पत्रा मागच्या बाजूने ठोकून ती जागा सपाट करायची आणि तिथे नवे चिन्ह उमटवायचे. पत्र्यावरून पहिली मुद्रिते काढली जात, ती तपासायला संगीतकाराकडे येत आणि दुरुस्त्यांसह परत जात. पॅरिसमध्ये राहणाऱ्या शोपँला श्लेसिंगरची मुद्रिते पाहणे शक्य होते. लाइपझिग आणि लंडनची मुद्रिते तपासण्याची सोय त्याला बहुधा नसेच.

सुरुवातीच्या काळात लाइपझिगच्या प्रकाशकाकडे पॅरिसची मुद्रितेच मूळ प्रत म्हणून पाठवली जात. पुढे तिथे हस्तलिखित किंवा त्याची नक्कल जाऊ लागली. लंडनचा वेसेल बहुधा फ्रेंच मुद्रितांवरूनच आपली आवृत्ती कोरून घेई. गोम इथेच होती. मुद्रिते परदेशी रवाना झाल्यानंतरही शोपँचे काम थांबत नसे. पॅरिसच्या पत्र्यावर तो अखेरच्या क्षणापर्यंत बदल करत राही. एखादा स्वरसमूह बदले, एखादी कमान लांबवे, मंद्र सप्तकातला एखादा स्वर काढून टाके. हे शेवटचे बदल लाइपझिगला वा लंडनला पोहोचतीलच याची शाश्वती नसे. शिवाय लाइपझिगच्या छापखान्यात शिस्तप्रिय मुद्रितशोधक होते. एखादा अनपेक्षित, कानाला खटकणारा स्वर दिसला की ती संगीतकाराची नजरचूक समजून ते तो परस्पर सुधारत. शोपँच्या संगीतातील नावीन्य पुष्कळदा अशा खटकणाऱ्या स्वरांतच असे. त्यामुळे या सुधारणांपैकी काहींनी मूळ रचनेचा बिघाडच केला.

१८३६ मध्ये प्रसिद्ध झालेली जी मायनरमधील पहिली बलाड याचे बोलके उदाहरण आहे. रचनेच्या आरंभी पियानोचे दोन्ही हात एकच सूर धरून सावकाश वर चढतात आणि सातव्या बारमध्ये, म्हणजे मात्रांच्या सातव्या खंडात, एका विचित्र, अनुत्तरित स्वरसमूहापाशी थबकतात. शोपँच्या हस्तलिखितात या समूहात ई फ्लॅट हा स्वर आहे. तो बाकीच्या स्वरांशी जुळत नाही आणि म्हणूनच ऐकणाऱ्याच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. पुढची संपूर्ण कथा जणू या प्रश्नातून उलगडते. पण अनेक संपादकांना हा स्वर पचला नाही. काही जुन्या छापील आवृत्त्यांत तिथे निमूटपणे डी हा स्वर घातला गेला. समूह गोड झाला, प्रश्न मात्र नाहीसा झाला. याच रचनेच्या आरंभी हस्तलिखितात आणि पॅरिसच्या आवृत्तीत लार्गो अशी लयीची सूचना आहे, तर लाइपझिगच्या आवृत्तीत लेंटो. दोन्ही शब्द संथ लयीचेच. पण लार्गोमध्ये जो विस्तार, जो भारदस्तपणा अभिप्रेत आहे तो लेंटोमध्ये नाही. कोणत्या शहरात छापलेली प्रत हाती आली यावर पियानोवादकाची पहिली सातआठ सेकंदे ठरत होती.

सर्वच पाठभेद छापखान्याच्या माथी मारता येत नाहीत. त्यांतले कितीतरी शोपँच्या स्वभावातून आले आहेत. त्याला सुचत असे ते क्षणात, पियानोसमोर बसून. पण सुचलेले कागदावर उतरवताना त्याची दमछाक होई. सुमारे नऊ वर्षे त्याच्या सहवासात राहिलेल्या जॉर्ज सँड या लेखिकेने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की एकाच पानावर तो आठवडेच्या आठवडे घालवी, खोलीत येरझारा घाली, लेखण्या मोडी, एक बार शंभरदा बदले आणि अखेर पहिल्यांदा लिहिले होते तेच कायम करी. त्याची हस्तलिखिते याची साक्ष देतात. नको असलेला मजकूर तो नुसता खोडत नसे. बारीक आडव्यातिडव्या रेषांच्या जाळीने तो असा झाकून टाकी की खाली काय होते ते कोणाला दिसू नये.

त्याच्या एट्यूडपैकी, म्हणजे अभ्यासरचनांपैकी, ई मेजरमधील तिसरी रचना आज जगभर संथ, हुरहूर लावणारी धून म्हणून ओळखली जाते. पण १८३२ च्या हस्तलिखितात शोपँने तिच्या शिरावर विवाचे, म्हणजे चपळ, अशी सूचना लिहिली होती. नंतर त्याने तीत थोडी मवाळी आणली, चपळ पण फार नाही. १८३३ मध्ये छापताना मात्र सूचना पूर्ण उलटली आणि लेंटो मा नॉन त्रॉपो, म्हणजे संथ पण फार नाही, असे शब्द आले. तीन टप्पे, तीन वेगळ्या रचना म्हणाव्यात इतका फरक, आणि तिन्ही सूचना त्याच्याच. यांतली पहिली चुकीची म्हणता येत नाही. ती मागे पडली, एवढेच.

१८३८ च्या हिवाळ्यात शोपँ, जॉर्ज सँड आणि तिची दोन मुले भूमध्य समुद्रातील मयोर्का बेटावर गेली. शोपँच्या खोकल्याला उबदार हवा मानवेल ही आशा होती. प्रत्यक्षात पाऊस, दमट हवा आणि क्षयाच्या संशयाने धास्तावलेले गावकरी वाट्याला आले. वाल्देमोसा येथील ओस पडलेल्या मठातील खोल्यांत त्यांनी मुक्काम केला. पॅरिसहून मागवलेला प्लेयेल कंपनीचा पियानो जकातीच्या कटकटीत अडकला आणि जानेवारी उजाडल्यावरच हाती आला. या परिस्थितीत २४ प्रेल्यूडचा संच पूर्ण झाला. कामिय प्लेयेल यांनी या संचासाठी २००० फ्रँक कबूल करून त्यांतले ५०० आगाऊ दिले होते. २२ जानेवारी १८३९ रोजी शोपँने हस्तलिखित पॅरिसमधील आपला मित्र युलियान फोंटाना याच्याकडे रवाना केले.

फोंटाना हा या कथेतला दुसरा नायक म्हणावा लागेल. वॉर्सातील बालमित्र, संगीतशाळेतील सहाध्यायी आणि पॅरिसमधील निर्वासित सोबती. शोपँ पॅरिसबाहेर असला की त्याचे भाडे भरणे, घर शोधणे, भिंतींच्या कागदाचा रंग निवडणे, टोपी आणि हातमोजे मागवणे यांपासून प्रकाशकांशी घासाघीस करण्यापर्यंत सारी कामे फोंटाना करी. त्यातले सर्वांत महत्त्वाचे काम नकला काढण्याचे होते. मूळ हस्तलिखितावरून पॅरिसची आवृत्ती कोरली जाई आणि फोंटानाने काढलेली नक्कल लाइपझिगला जाई. प्रेल्यूडच्या बाबतीत असेच झाले. फोंटाना काळजीपूर्वक लिहीत असे, तरी माणूसच तो. एखादी कमान निसटे, एखादा ठिपका राही. मग जर्मन आवृत्तीत फोंटानाच्या चुका, त्यांवर जर्मन मुद्रितशोधकाच्या सुधारणा आणि त्यांवर कारागिराच्या चुका असे थर चढत जात. प्रेल्यूडच्या अर्पणपत्रिकाही दोन निघाल्या. पॅरिसची आवृत्ती कामिय प्लेयेल यांना अर्पण झाली, तर लाइपझिगची योझेफ क्रिस्टोफ केसलर या संगीतकाराला.

या संचातील विसावे, सी मायनरमधील प्रेल्यूड अवघे तेरा बारचे आहे. अंत्ययात्रेच्या संथ पावलांसारखे त्याचे अवजड स्वरसमूह नवशिकेही वाजवू शकतात. तरीही या एका पानावर वाद थांबलेला नाही. आधी ही रचना नऊच बारची होती. शेवटचे चार बार हलक्या आवाजात पुन्हा वाजवावेत ही सूचना शोपँने नंतर घातली आणि एका परिचिताच्या आग्रहाला दिलेली ही सवलत आहे, अशा आशयाची टीप त्याने हस्तलिखितात प्रकाशकासाठी लिहून ठेवली. दुसरा वाद तिसऱ्या बारच्या अखेरच्या समूहाचा. छापील आवृत्तीप्रमाणे तिथे ई हा स्वर शुद्ध आहे. शोपँने एका विद्यार्थिनीच्या प्रतीत मात्र त्या स्वरापुढे पेन्सिलीने कोमलाची खूण केलेली आढळते. आधी खूण लिहायची राहून गेली होती की नंतर त्याचे मत बदलले? एका स्वराने त्या बारचा सूर उजळ होतो किंवा अंधारून येतो, आणि वादकाला दोन्ही एकाच वेळी वाजवता येत नाही.

वर्षातले सात-आठ महिने पॅरिसमधील शिकवण्या आणि उन्हाळ्यात जॉर्ज सँडच्या नोआँ येथील घरी लेखन, असा शोपँचा पुढील काही वर्षांचा क्रम होता. याच काळात बी फ्लॅट मायनरमधील सोनाटा पूर्ण झाला. त्यातील अंत्ययात्रेची धून आज सर्वांना परिचित आहे. १८४० मध्ये तो पॅरिसला त्रुपना, लाइपझिगला ब्राइटकोफ आणि लंडनला वेसेल यांनी छापला. पहिल्या भागाच्या सुरुवातीला चार बारची गंभीर प्रस्तावना आहे आणि पाचव्या बारपासून दुप्पट वेगाने मुख्य धून सुरू होते. लाइपझिगच्या आवृत्तीत पाचव्या बारच्या आरंभी पुनरावृत्तीची खूण छापली गेली. परिणामी पिढ्यान्‌पिढ्या पियानोवादक प्रस्तावना वगळून पाचव्या बारपासून पुनरावृत्ती करू लागले. फ्रेंच आणि इंग्रजी आवृत्त्यांत तिथे अशी खूण नाही. त्या प्रमाण मानल्या तर वादकाला पुन्हा पहिल्या बारपासून, म्हणजे त्या गंभीर प्रस्तावनेपासून सुरुवात करावी लागते. ही चूक अमेरिकन पियानोवादक आणि लेखक चार्ल्स रोझेन यांनी १९९० च्या दशकात ठासून मांडली. सर्वांना ते पटले असे नाही. पण दोन ठिपके कोरण्यात झालेल्या गफलतीमुळे रचनेचा अख्खा आराखडा बदलू शकतो, हे यातून लख्खपणे दिसते.

लंडनच्या वेसेलने निराळाच ताप दिला. शोपँ आपल्या रचनांना नॉक्टर्न, बलाड, स्केर्झो अशी साधी, वर्गवाचक नावे देई; रचनेवर चित्रमय शीर्षके चिकटवणे त्याला मुळीच आवडत नसे. वेसेलने मात्र विक्री वाढावी म्हणून नॉक्टर्नना सीन नदीची कुजबुज, पहिल्या स्केर्झोला नरकातील मेजवानी असली भडक नावे फ्रेंच भाषेत छापली. शोपँच्या पत्रांतून त्याचा याबद्दलचा संताप ठायी ठायी व्यक्त होतो. तरीही वेसेलशी व्यवहार त्याने लगेच तोडला नाही. इंग्लंडहून येणाऱ्या पैशाची गरज होती.

१८४० च्या दशकात नकला काढण्याची जबाबदारी फोंटानाने सोडली. १८४४ मध्ये तो क्यूबाला आणि तेथून अमेरिकेला गेला. तेव्हा शोपँवर काही रचनांच्या प्रती स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा लिहून काढण्याची पाळी आली. यातून गुंता सुटण्याऐवजी वाढला. एकच रचना दुसऱ्यांदा लिहिताना शोपँ नक्कल करत नसे, नव्याने विचार करत असे. मूळ प्रत समोर असूनही हात वेगळ्या वाटेने जाई. त्यामुळे त्याच्या उत्तरकालीन काही रचनांची त्याच्याच हस्ताक्षरातील दोन हस्तलिखिते आढळतात, दोन्ही प्रकाशकाकडे पाठवलेली आणि दोन्ही एकमेकांपासून भिन्न.

छापून झाल्यावरही रचना त्याच्यापुरती संपत नसे. विद्यार्थिनी धड्याला येताना छापील प्रत आणत आणि शोपँ पेन्सिल घेऊन त्यावर लिही. बोटांचे क्रमांक, श्वासाच्या जागा, छपाईच्या चुकांची दुरुस्ती आणि पुष्कळदा संपूर्ण नवी नक्षी. ई फ्लॅट मेजरमधील सुप्रसिद्ध नॉक्टर्नच्या अशा कितीतरी आलंकारिक जागा वेगवेगळ्या विद्यार्थ्यांच्या प्रतींत वेगवेगळ्या सापडतात. आपल्याकडील गायक तीच बंदिश प्रत्येक बैठकीत निराळ्या तानांनी सजवतो, त्याची आठवण व्हावी अशीच ही पद्धत. जेन स्टर्लिंग या स्कॉटिश शिष्येने आपल्याकडील प्रती सात खंडांत बांधून जपल्या. कामिय दुब्वा या शिष्येचेही तीन खंड आहेत. हे दोन्ही संच आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. छापील अक्षराइतकेच त्यांतल्या पुसट पेन्सिलीला आज महत्त्व आहे.

जॉर्ज सँडशी असलेले नाते १८४७ मध्ये तुटले. १६ फेब्रुवारी १८४८ रोजी पॅरिसमध्ये त्याचा अखेरचा कार्यक्रम झाला आणि आठवड्याभरात राज्यक्रांतीने शहर ढवळून निघाले. शिकवण्या बंद पडल्या. जेन स्टर्लिंगच्या आग्रहावरून तो इंग्लंड-स्कॉटलंडला गेला. दम लागत असूनही कार्यक्रम करत राहिला आणि १६ नोव्हेंबर १८४८ रोजी लंडनच्या गिल्डहॉलमध्ये शेवटचे जाहीर वादन करून पॅरिसला परतला. पुढच्या वर्षी वॉर्साहून बहीण लुडविका आली. १७ ऑक्टोबर १८४९ रोजी प्लास व्हाँदोम येथील घरात त्याने प्राण सोडला. देह पेर लाशेज दफनभूमीत विसावला आणि हृदय त्याच्या इच्छेनुसार लुडविकाने वॉर्साला नेले. ते तेथील होली क्रॉस चर्चमध्ये आहे.

त्याची आणखी एक इच्छा होती. जे प्रसिद्ध केले नाही ते सारे कागद जाळून टाकावेत. जगासमोर काय यावे याचा निर्णय आपला असावा, एवढेच त्याचे म्हणणे होते आणि ते त्याच्या आयुष्यभराच्या काटेकोरपणाशी सुसंगत होते. पण आई आणि बहिणींना ते पाळवेना. त्यांनी फोंटानाला हस्तलिखिते निवडून छापण्याची परवानगी दिली आणि १८५५ मध्ये ६६ ते ७३ या क्रमांकांच्या रचना बाजारात आल्या. त्यांतली पहिली, सी शार्प मायनरमधील इम्प्रॉम्प्तू, अफाट लोकप्रिय झाली. तिच्यामागे फांतेझी हा शब्द फोंटानाने जोडला होता. सुमारे शतकभर जगाने ती फोंटानाच्या पाठाप्रमाणे वाजवली. १९६० मध्ये पियानोवादक आर्थर रुबिन्स्टाइन यांच्या हाती एका सरदारपत्नीचा जुना अल्बम आला. त्यात १८३५ सालची शोपँच्या हस्ताक्षरातील हीच रचना होती आणि फोंटानाच्या पाठापासून ती अनेक ठिकाणी वेगळी होती. फोंटानाने स्वतः फेरफार केले की त्याच्यासमोर आधीचा कच्चा खर्डा होता, यावर अभ्यासकांनी बरेच लिहिले. उत्तर विचारायला फोंटाना नव्हता. १८६९ मध्ये पॅरिसमध्ये, विपन्नावस्थेत, त्याने स्वतःचे आयुष्य संपवले होते.

जाळण्याची इच्छा कुटुंबाने मोडली. कागद मात्र दुसऱ्याच आगीत गेले. १८६३ च्या पोलिश उठावात, सप्टेंबर महिन्यात, वॉर्सातील झामोयस्की प्रासादातून रशियन गव्हर्नरवर हल्ला झाला. सूड म्हणून सैनिकांनी तिथल्या घरांतील सामान रस्त्यावर फेकून पेटवले. शोपँची धाकटी बहीण इझाबेला तिथेच राहत होती. तिच्याकडील शोपँचा पियानो आणि कागदपत्रे त्यात नष्ट झाली. मूळ पुरावा जितका कमी, तितके छापील आवृत्त्यांचे मोल जास्त. पॅरिस, लाइपझिग आणि लंडनच्या पहिल्या प्रती स्वर न् स्वर जुळवून पाहण्याचे काम पुढच्या पिढ्यांवर पडले ते त्यामुळेच.

आरंभीच्या संपादकांचा कल एकच शुद्ध पाठ मिळवण्याकडे होता. ब्राइटकोफने १८७८ पासून काढलेल्या समग्र आवृत्तीवर योहानेस ब्राम्स आणि फ्रान्झ लिस्ट यांच्यासारख्यांनी काम केले. शोपँचा शिष्य कारोल मिकुली याने स्वतःच्या आणि इतर शिष्यांच्या आठवणींच्या आधारे आपली आवृत्ती सिद्ध केली. विसाव्या शतकात पादेरेव्स्की यांच्या नावाने निघालेली पोलिश आवृत्ती घरोघरी पोहोचली. पण तिने निरनिराळ्या मूळ प्रतींतील पाठ एकत्र मिसळले आणि शोपँने कोणत्याही एका वेळी लिहिली नव्हती अशी रचना तयार केली, असा आक्षेप पुढे आला. यानंतर पोलिश पियानोवादक यान एकिएर यांनी राष्ट्रीय आवृत्तीचे काम हाती घेतले. प्रत्येक रचनेची वंशावळ मांडायची, कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून कोरली गेली ते ठरवायचे, छापखान्याची चूक आणि शोपँचा बदल यांत फरक करायचा आणि जिथे त्याने स्वतः दोन पर्याय दिले तिथे दोन्ही छापायचे, ही त्यांची पद्धत. त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचना एका मालिकेत आणि मरणोत्तर रचना दुसऱ्या मालिकेत ठेवून त्यांनी शोपँच्या अखेरच्या इच्छेचीही आठवण राखली. अर्धशतकाचे हे काम २०१० मध्ये, शोपँच्या द्विशताब्दी वर्षात, पूर्ण झाले. एकिएर २०१४ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षात वारले.

त्याच सुमारास ब्रिटनमधील अभ्यासक जॉन रिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या आवृत्त्यांची पाने संगणकावर शेजारी शेजारी पाहता येतील अशी सोय उभी केली. पूर्वी ज्यासाठी तीन देशांतील ग्रंथालये पालथी घालावी लागत, ती तुलना आता घरबसल्या होते. एकच बार पॅरिसचा, लाइपझिगचा आणि लंडनचा, एकाखाली एक. या तुलनेतून कित्येक निव्वळ चुका निकालात निघाल्या आहेत. बलाडमधला ई फ्लॅट आपल्या जागी परत आला आहे. पण सर्व चुका वेचून झाल्यावरही पाठभेदांचा एक मोठा साठा शिल्लक राहतो आणि तो शोपँचा स्वतःचा आहे. तेथे संपादकाचे काम संपते. पियानोसमोर बसलेल्याला सी मायनर प्रेल्यूडच्या तिसऱ्या बारमध्ये शुद्ध किंवा कोमल यांपैकी एकच पट्टी दाबायची असते, आणि त्या क्षणी तो शोपँच्या छापील पानाच्या बाजूने किंवा त्याच्या पेन्सिलीच्या बाजूने कौल देतो.